दहाव्या खोलीतला फ्रिज

शालनआक्का गरीब नाही, असं सरकारला लिहून देणारी बाई मीच. माझ्याच अक्षरात, निळ्या शाईत, खाली सही करून. आता निवृत्त होऊन घरी बसले आहे, गुडघे कुरकुरतात, कुणी काही विचारायला येत नाही. पण आक्काची आठवण आली की तो कागद डोळ्यांसमोर येतो आणि आयुष्यभर ज्याचं कौतुक झालं त्या माझ्या अक्षराचाच राग येतो.

बारामतीत आमची शिक्षकांची कॉलनी कालव्याच्या अलीकडे आणि पलीकडे दहा खोल्यांची एक ओळ. वर पत्रे, मध्ये एकेक भिंत, पुढे सगळ्यांचा मिळून एक लांबलचक ओटा. एमआयडीसीत कंपन्या वाढल्या तशी कुठल्याशा जमीनमालकाने ही ओळ बांधली आणि पुन्हा तिला चुना म्हणून लावला नाही. इंदापूरकडची, सोलापूरकडची माणसं कामाला आली की इथे टेकायची आणि टेकली की तिथेच राहायची. दहावी, अगदी कडेची खोली आक्काची. दाराशी तेलाच्या कापलेल्या डब्यात कढीपत्त्याचं झाड होतं. डबा केवढासा, पण झाड माझ्या खांद्याला लागायचं.

शाळेला जाताना मी कालव्यावरच्या पुलावरून पलीकडे जायची, तेव्हा आक्का कंपनीच्या गाडीची वाट बघत उभी असायची. उंच, हाडापेराने मजबूत, साडीला इस्त्री, डोक्याला चापूनचोपून तेल आणि गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. ते ती पदराखाली कधी झाकायची नाही.

"जयभीम, बाई."

"जयभीम. काय आक्का, बरं आहे ना?"

"भागतंय की आमचं."

हे तिचं ठरलेलं उत्तर. तब्येत विचारा, लेकीचं सासर विचारा, महागाईवर बोला, उत्तर तेच. पहिल्या पहिल्यांदा मला वाटायचं, बाई फार समाधानी दिसते. पुढे ओळख वाढली तेव्हा कळलं की समाधानाशी त्याचा काही संबंध नव्हता. समोरच्याने पुढचा प्रश्न विचारू नये म्हणून ओढून घेतलेलं ते दार होतं.

ती एका कपडे शिवायच्या कंपनीत हेल्पर होती. शिवून आलेल्या शर्टाचे लोंबणारे धागे कापायचे, दिवसभर, उभ्याने. मशीन तिला उत्तम चालवता यायची. जेवणाच्या सुट्टीत नव्या पोरींना ती शिकवायची. तिच्या हाताखाली शिकलेल्या पोरी ऑपरेटर झाल्या, त्यांचा पगार वाढला, आणि आक्का हेल्परच राहिली, कारण ऑपरेटर व्हायला दहावीचं सर्टिफिकेट लागायचं आणि आक्काची गाडी नववीत, अंथुर्ण्याच्या शाळेतच थांबलेली. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, मग शिकवता कशाला त्यांना फुकट?"

"मशीन मोकळी हुती की, बाई. आन् हात बी."

मी शिक्षिका. पगार घेऊन शिकवणारी.

तिचे यजमान दिगंबर दुसऱ्या एका कंपनीत कंत्राटी कामगार. माणूस अबोल, खाली मान घालून चालणारा. कंत्राटदार दर सात महिन्यांनी त्यांना घरी बसवायचा. सलग जास्त दिवस भरले तर माणूस कायम होण्याचा हक्क सांगेल म्हणून ही युक्ती. त्याला 'ब्रेक' म्हणायचे. महिना-दोन महिने बसवायचं, मग नवा माणूस म्हणून पुन्हा घ्यायचं. असे बारा-तेरा ब्रेक खाल्लेला हा नवा माणूस. ब्रेक लागला की ते इंदापूरकडे डाळिंबाच्या बागांत नाहीतर क्रेट भरायला जायचे. आणि आक्का काय करायची? ती रोज सकाळी त्यांचा कंपनीचा निळा ड्रेस धुऊन तारेवर वाळत घालायची. न घातलेला, स्वच्छ ड्रेस. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं तेव्हा मी गाढवासारखं विचारलं, "दिगंबरभाऊ घरीच आहेत ना? मग हा ड्रेस?"

आक्काने इकडेतिकडे बघितलं, चिमटे लावले आणि हळूच म्हणाली, "वळीला कशाला कळाय पायजे?"

ओळीला अर्थात सगळं कळत होतं. ओळीत भिंती विटेच्या एका थराच्या. पण ओळही त्या ड्रेसकडे बघून न बघितल्यासारखं करायची.

हे सगळं कुठून आलं ते तिने एकदा सांगितलं होतं. तिच्या वडिलांना ती आबा म्हणायची. "आबा म्हनायचं, पोटाचं काय बी हू द्या, अंगावरचं कापड धुतल्यालं पायजे. आपल्या लोकांनी आता पुन्यांदा कुनाच्या दारात हात पसरायचा न्हाय." हे सांगताना तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण 'पुन्यांदा' या शब्दावर ती जराशी थांबली होती. त्या शब्दामागे किती पिढ्या उभ्या आहेत ते मला कळत होतं, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

त्यातूनच तिची आणखी एक सवय. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही. मी वाटीभर शिकरण दिलं तर वाटी घासूनपुसून यायची आणि तिच्यात दोन लिंबं असायची. लिंबं नसली तर मूठभर शेंगदाणे. तेही नसले तर कढीपत्त्याच्या चार काड्या. आमच्या घरात त्या काळात कढीपत्ता कधी विकत आणल्याचं मला आठवत नाही.

आता ओळीची खरी गंमत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. दहा खोल्यांत मिळून एकच घर बरं लागलं असतं, एवढंच सामान होतं. म्हणून कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार असले की सगळ्या ओळीतलं चांगलंचुंगलं त्या एका खोलीत जमा व्हायचं. तिसऱ्या खोलीतल्या खुर्च्या, पहिल्या खोलीतल्या सोनेरी काठाच्या कपबशा, कुणाचं भिंतीवरचं घड्याळ, कुणाचा टीव्ही आणि सातव्या खोलीतल्या मंगलचा फ्रिज. याला ते 'घर लावणं' म्हणायचे. आणि घर लावावं तर आक्कानेच. कंबरेला पदर खोचून ओट्यावर उभी राहायची आणि हुकूम सोडायची. फ्रिज पोत्यावर ठेवून ओट्यावरून ओढत न्यायचे, पुढे दोघी, मागे दोघी, आणि आक्का म्हणायची, "दमानं गं, पाहुन्यांनी वरखाडं मोजलं तर हुंडा वाढंल." हुंडा कुणीच देणार नसायचं, पण हसायला मिळायचं.

पाचव्या खोलीतल्या मुलीला बघायला पणदऱ्याचे पाहुणे आले होते तेव्हाची गोष्ट तर कॉलनीतही गाजली. फ्रिज आणला, कोपऱ्यात झोकात उभा केला, पण त्याची वायर हातभर कमी पडली. राहू दे म्हणाले, दिसायला तर आहे. पाहुण्यांत मुलाचा मामा होता, चांगला ऐसपैस. पोहे खाऊन झाल्यावर तो म्हणाला, "फ्रिजमधलं गार पाणी द्या बघू जरा." सगळ्या बायकांचे चेहरे उतरले. आक्का दारात उभी होती. एक क्षण न दवडता म्हणाली, "लाईट गेलीय, पाहुनं."

मामाच्या डोक्यावर पंखा गरागरा फिरत होता.

मामाने वर बघितलं. पंख्याकडे बघितलं, आक्काकडे बघितलं, मग माठातल्या पाण्याचा पेला घेतला, घटाघटा प्यायला आणि म्हणाला, "आमच्याकडं बी अशीच जाती लाईट." लग्न जमलं. पुढे कितीतरी दिवस ओळीत कुणाकडे काही नसलं, साखर संपली, गॅस संपला, की बायका 'लाईट गेलीय' म्हणायच्या आणि हसायच्या.

मास्तर लोकांना शिकवणं सोडून सगळी कामं असतात. माणसं मोजा, गुरं मोजा, संडास मोजा. त्या उन्हाळ्यात सरकारला गरीब मोजायचे होते. घरोघर जायचं, टीव्ही आहे का, फ्रिज आहे का, गाडी आहे का, डोळ्यांनी बघून लिहायचं. त्यावरून यादी ठरणार आणि यादीवरून पुढची कित्येक वर्षं स्वस्त धान्यापासून दवाखान्यापर्यंत सगळं. कालव्यापलीकडचा भाग माझ्या वाट्याला आला. बरोबर पंचायतीचा एक माणूस होता, डोक्याला रुमाल गुंडाळलेला, सारखं घड्याळ बघणारा.

आम्ही येतोय ही बातमी आमच्या आधी ओळीत पोचली होती. पहिल्या खोलीत शिरले तर आत काहीच नाही. एक चटई, चार भांडी. दुसऱ्या खोलीत तसंच. तिसऱ्या खोलीत खुर्च्यांच्या पायांचे गोल डाग फरशीवर, खुर्च्या नाहीत. सातव्या खोलीत मंगल खाली मान घालून बसलेली आणि तिच्यामागे भिंतीवर फ्रिजच्या उंचीचा पांढरा चौकोन. बाकी भिंत धुराने काळवंडलेली. तो चौकोन मी बघितला, तिने मला बघताना बघितलं. मी लिहिलं, फ्रिज नाही.

मी काही हरिश्चंद्र नाही. ती माणसं गरीबच होती. जुन्या बाजारातला फ्रिज घरात असला म्हणून माणूस श्रीमंत होत नाही, हे कागद बनवणाऱ्याला कळत नसेल तर तो त्याचा दोष, असं मनाशी म्हणत मी नऊ खोल्या लिहिल्या आणि दहावीच्या दारात उभी राहिले.

आक्काची खोली म्हणजे दुकान झालं होतं. तीन टीव्ही, एकावर एक. खुर्च्यांची चळत. मिक्सर. कोपऱ्यात मंगलचा फ्रिज. आणि खिळे होते तेवढ्या ठिकाणी लावलेली चार घड्याळं, चारींत चार वेगळ्या वेळा. मधल्या जागेत इस्त्रीची साडी नेसून आक्का उभी.

"आक्का," मी म्हटलं, "हे सगळं तुमचं?"

"व्हय. माझंच हाय."

"चार घड्याळं?"

"एक बंद पडलं तर दुसरं लागतंय की, बाई."

पंचायतीचा माणूस हसला. म्हणाला, "लिहा बाई, ऊन वाढायलंय." मी आक्काकडे बघत राहिले. मी एक शब्द बोलायचा होता, की हे सामान या घरातलं नाही. पण मग ते कुणाचं, हा पुढचा प्रश्न आलाच असता. मी गणिताची बाई. नऊ आणि एक यांत मोठं काय ते मला कळत होतं. आक्काने तेवढ्यात सोनेरी काठाच्या कपांतून चहा आणला. तिने जाता जाता माझ्या कानाशी इतकंच म्हटलं, "दोगांचा पगार येतोय, बाई. आमचं भागतंय. त्यांचं बगा."

आणि मी लिहिलं. टीव्ही आहे. फ्रिज आहे. पंखा, मिक्सर, खुर्च्या आहेत. सुवाच्य अक्षरात.

नंतर मंगलने मला सांगितलं की त्या सकाळी सगळ्यांची पळापळ झाली होती. कुणी म्हणत होतं कालव्याकडेच्या झाडीत ठेवू, कुणी म्हणत होतं कॉलनीत नेऊ. तेव्हा आक्काच म्हणाली, आणा माझ्याकडं, घर लावायचंच हाय म्हना की. सगळ्या हसल्या. हसतहसत त्यांनी आक्काचं घर लावलं, आजवर तिने त्यांचं लावलं होतं तसं. पुढचा विचार कुणाच्या मनात आला नाही, आणि आला असला तरी आक्काने तो बोलू दिला नाही.

यादी लागली. नऊ नावं होती. नऊ घरांत धान्य आलं, मंगलच्या सासूचं ऑपरेशन त्याच कार्डावर झालं. महिन्याचं धान्य आलं की कुणी ना कुणी आक्काच्या दारात गव्हाचं पातेलं ठेवून जायची. आक्का पातेलं घ्यायची, घासून परत करायची, आत काहीतरी घालून. मला वाटू लागलं, चला, जमलं. एका कागदाने काही कुणाचं बिघडलं नाही. माणूस स्वतःची समजूत किती झटकन काढतो बघा.

दिगंबरभाऊ गेले ते ब्रेकच्या महिन्यात. इंदापूर तालुक्यातल्या कुठल्याशा बागेतून डाळिंबाचे क्रेट भरून निघालेली पिकअप रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत कलंडली. भाऊ मागे क्रेटवर बसले होते. कंपनीने सांगितलं, त्या तारखेला हा आमचा कामगार नव्हता. बागवाला म्हणाला, माणसं गाडीवाल्याने आणली होती. गाडीवाला म्हणाला, मी फक्त माल नेतो. तेरा वर्षं राबलेला माणूस त्या दिवशी कुणाचाच नव्हता. सगळे हळहळले मात्र, अगदी मनापासून.

मी भेटायला गेले तेव्हा तारेवर निळा ड्रेस वाळत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. ओळीकडून शिकले होते तेवढं.

वर्षभरात आक्काचं कामही गेलं. धागे कापून कापून डोळे अधू झाले होते, आणि कंपनीत नवा साहेब आला त्याने वय झालेल्या हेल्पर बायकांना बाजूला केलं. लेक सांगवीला दिलेली, तिच्या घरात आधीच खाणारी तोंडं फार. आक्का पहाटे चौकात उभी राहून बागेच्या कामाला जाऊ लागली. गाडीवाले तरुण बायका आधी निवडायचे. गाडी भरून गेली की उरलेल्या बायका तिथेच थोडा वेळ थांबायच्या आणि घरी परतायच्या. शाळेच्या वाटेवर मला ती परत येताना दिसायची. साडीला इस्त्री तशीच.

"काय आक्का, आज नाही गेलात?"

"आज जरा घरीच काम हुतं, बाई. भागतंय की."

मी तिला विधवांना सरकारकडून दरमहा मिळतात त्या पैशांबद्दल सांगितलं. आमच्याकडे त्याला 'निराधारचा पगार' म्हणतात. आक्काला योजनेतलं काही पटलं नाही, पण 'पगार' हा शब्द तिला पटला. "म्हंजी ब्रेक न्हाय लागत त्येला?" तिने विचारलं. मी म्हटलं, नाही लागत. ती दोनदा खात्री करून घेऊन हो म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाच्या दारात मागायला निघाली, आणि ते दार मी दाखवलं होतं.

कचेरीतला कारकून तरुण होता, सभ्य होता. आक्काला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाला, "आजी, यादीत नाव नाही तुमचं. उत्पन्नाचा दाखला काढला तरी तुमच्या बँकेच्या पुस्तकात मागच्या वर्षाचा कंपनीचा पगार दिसतोय. आणि हे बघा, घरात तीन टीव्ही, फ्रिज... कुणी लिहिलंय हे?"

"मी," मी म्हटलं. "चुकीचं लिहिलं होतं. ते सामान तिचं नव्हतं."

"मग कुणाचं होतं?"

मी आक्काकडे बघितलं. तो आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, तुम्ही लिहून द्या, मी पुढे पाठवतो. पण दुरुस्ती म्हटलं की सगळ्या ओळीची फेरतपासणी लागेल. ते माझ्या हातात नाही." खरंच नव्हतं. त्याचा चेहराच सांगत होता. आक्का उठली. पाण्याचा पेला तिने टेबलावर पालथा घालून ठेवला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, साहेब. आमचं भागतंय."

बातमी ओळीत गेली. संध्याकाळी मी गेले तर नऊही खोल्यांतल्या बायका आक्काच्या दारात ओट्यावर बसलेल्या. शेवटी मंगल रडायलाच लागली. "आक्का, मी जाते साहेबाकडं. सांगते फ्रिज माझा हाय म्हनून."

"आन् तुझ्या सासूची दर महिन्याची तपासनी? तिची औषधं?"

मंगलने पदराने डोळे पुसले.

"नऊ चुली इजवून माझी एक पेटवायची व्हय? काय बोलतीस." आक्का तिच्यावर खेकसली, पहिल्यांदाच. मग माझ्याकडे वळली. "आन् बाई, तुमी बी काय लिवून द्यायचं न्हाय. माझी शपथ हाय."

खरं सांगायचं तर त्या शपथेने मला सुटल्यासारखं वाटलं. लिहून दिलं असतं तर माझीही चौकशी लागली असती, निवृत्तीला थोडे दिवस उरले होते. आक्काने मला नऊ घरांच्या आडोशाला उभं केलं आणि मी उभी राहिले. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंगल आणि तिचा नवरा फ्रिज ओढत आक्काच्या खोलीत घेऊन आले. मंगल म्हणाली, "सरकारच्या कागदावर तुझाच हाय न्हवं? मग तुझ्याकडंच असू दे." तिला दुसरं काही सुचलं नसावं. माझ्यासारखंच.

मी बारामतीच सोडली, मुलाकडे राहायला गेले. मधे दोन-तीन वर्षं गेली. मागच्या उन्हाळ्यात काही कामासाठी येऊन कॉलनीत एका मैत्रिणीकडे उतरले तेव्हा बेसनाचे लाडू डब्यात घालून ओळीकडे गेले. भर दुपार होती. कढीपत्त्याचं झाड होतं, पण अर्ध्याहून जास्त काड्या ओरबाडलेल्या. आक्का दारातच बसली होती, पुठ्ठ्याने वारा घेत. केवढी वाळली होती. साडी धुतलेली होती, इस्त्री मात्र नव्हती. डोळे बारीक करून तिने मला ओळखलं आणि लगबगीने उठली.

"या की, बाई. बसा. किती दिसांनी."

आत गेले. पंखा बंद. खोली तापलेली. कोपऱ्यात फ्रिज, त्याच्यावर स्वच्छ धुतलेला हातरुमाल अंथरलेला. मी बसले आणि घाम पुसत म्हटलं, "आक्का, नवी यादी होणार आहे म्हणतात. पुन्हा घर बघायला येतील. तेवढा हा फ्रिज मंगलला परत करा. या वेळी रिकामं घर दाखवा त्यांना."

आक्काने फ्रिजवरच्या हातरुमालाची सुरकुती काढली. मग म्हणाली, "दिल्यालं परत करायला न्हाय म्हनत न्हाय मी. पर रिकामा कसा दिऊ?"

मला वाटलं, थट्टा करतेय. पण ती थट्टा करत नव्हती. तिच्या हिशेबी फ्रिज हेही शेजारणीचं भांडंच होतं, आणि एवढ्या मोठ्या भांड्यात घालायला तिच्याकडे काही नव्हतं.

"थांबा, गार पानी देते," म्हणत ती सवयीने उठली. फ्रिजचं दार उघडलं. मला मागून आतलं सगळं दिसलं. दिवा लागला नाही. वरच्या कप्प्यात घडी केलेला निळा ड्रेस. त्याच्याखाली कागदांची पिशवी आणि तिचं जुनं ओळखपत्र, दोरी गुंडाळून ठेवलेलं. बाकी कप्पे पुसून लख्ख. दाराला हात तसाच ठेवून ती थांबली. मी बघितलंय हे तिला कळलं.

मग माझ्याकडे न वळताच ती म्हणाली, "लाईट गेलीय, बाई."

शेजारच्या नवव्या खोलीत टीव्ही मोठ्याने चालू होता. कुणीतरी गाणं म्हणत होतं आणि लोक टाळ्या वाजवत होते. एका थराची भिंत, सगळं अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. दोघींनाही.

मी माठाकडे गेले, आपल्याच हाताने पेला भरून घेतला आणि उभ्यानेच प्यायले.

"हो," मी म्हटलं, "आमच्याकडेही सकाळपासून नाहीये."